झटका देऊन बॅटरी जागी करावी का?

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. माझ्याकडे बॅटरीवर चालणारी सायकल आहे. पाय मोडल्यामुळे ती सात महिने तशीच उभी होती. आता चार्जर लावला की त्याचा दिवा लगेच हिरवा होतो, पण सायकल काही चालू होत नाही. माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याने पॅक उघडून मीटर लावला. पॅकवर ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास असं लिहिलंय आणि आत सेलचे दहा गट एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडलेले आहेत. सात गटांवर २.७ ते २.८ व्होल्ट, दोन गटांवर २.१ आणि एकावर फक्त ०.४ व्होल्ट आहेत. भाचा म्हणतो, चांगल्या बॅटरीच्या दोन तारा त्या गटाला काही मिनिटं लावल्या की तो जागा होतो. मग संरक्षण सर्किट, म्हणजे सेल जास्त भरू किंवा जास्त उतरू नयेत म्हणून वीज तोडणारं सर्किट, बाजूला ठेवून चार्जर थेट सेलना जोडायचा. असं करताना त्याने व्हिडिओत पाहिलंय. दुरुस्तीवाले म्हणतात, तेवढा एक गट बदलून देतो. पॅक दीड वर्षाचाच आहे, टाकून द्यायला जीव होत नाही. बॅटरी तर रिकामीच आहे, मग रिकाम्या बॅटरीला धोका कसला? भाच्याला करू द्यावं का?

उत्तर:

ताई, नको. भाच्याला त्या तारा जोडू देऊ नका. हे उत्तर वाचेपर्यंत त्याने जोडल्याच असतील, तर तो पॅक आता चार्जरला लावू नका आणि घरात कुणाला लावू देऊ नका. पॅक अजून उघडा असेल तर त्यावर हातातली अंगठी, कडं, पाना असं काही टेकणार नाही हे पाहा. २४ व्होल्ट माणसाला झटका देत नाहीत, पण धातूचा तुकडा लालबुंद करू शकतात. झाकण बसवा, दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा आणि पॅक फरशीवर, कपडे-कागदांपासून लांब ठेवा. झोपायच्या खोलीत नको, घराबाहेर पडायच्या वाटेवरही नको.

एवढं झालं की निवांत बसून पुढचं वाचा. भाच्यालाही वाचायला द्या, कारण त्याने एक फार मोलाचं काम केलंय. त्याने प्रत्येक गट वेगळा मोजला. बहुतेक जण पॅकच्या दोन टोकांवर मीटर लावतात, तिथे शून्य दिसलं की ‘मेली’ म्हणतात आणि काहीतरी आकडा दिसला की ‘जिवंत आहे’ म्हणतात. तुमच्या दहा गटांची बेरीज साधारण २४ व्होल्ट होते. दहाने भागलं तर गटाला २.४. हा आकडा फार वाईट वाटत नाही. त्या सरासरीत ०.४ चा गट लपून गेला असता, आणि सगळा प्रश्न त्या एका गटाचाच आहे.

तुमचा प्रश्न रास्त आहे. रिकाम्या बॅटरीला धोका कसला? आज, या क्षणी, खरंच फार नाही. ज्यात ऊर्जाच नाही ते पेटणार कशाने? पण तुम्ही बॅटरी रिकामी ठेवायला निघालेला नाही आहात, तुम्ही ती भरायला निघाला आहात. नुकसान रिकामं असताना होतं आणि त्याची किंमत भरताना मोजावी लागते. हे कसं होतं ते जरा सविस्तर सांगतो.

लिथियम-आयन सेलमध्ये दोन वर्ख असतात. धन बाजूचा ॲल्युमिनियमचा, ऋण बाजूचा तांब्याचा. तांब्याच्या वर्खावर ग्राफाइटचा लेप असतो. ॲल्युमिनियमच्या वर्खावर कोबाल्ट, निकेल, मँगनीज अशा धातूंच्या ऑक्साइडचा. मध्ये सूक्ष्म छिद्रांचा प्लॅस्टिकचा पडदा, कागदापेक्षाही पातळ, आणि सगळीकडे मुरलेलं द्रावण. चार्ज करताना लिथियम ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतं, वापरताना तिथून निघून धन बाजूला जातं. मीटरवर दिसतं ते व्होल्टेज म्हणजे या दोन बाजूंच्या पातळ्यांमधलं अंतर. भरलेल्या सेलमध्ये, शुद्ध लिथियमच्या तुलनेत मोजलं तर, ग्राफाइटची पातळी जेमतेम ०.१ व्होल्ट असते आणि धन बाजूची ४.३ च्या आसपास. म्हणून सेलवर ४.२ दिसतात.

आता सेल रिकामा होऊ लागला. धन बाजूची पातळी हळूहळू ३.५-३.६ पर्यंत उतरते. ग्राफाइटची बराच वेळ खालीच राहते, पण त्यातलं लिथियम संपत आलं की ती झपाट्याने वर चढते. सेल २.७ वर आला तेव्हा ग्राफाइट ०.८-०.९ वर असतं. २.१ वर आला तेव्हा १.४ च्या आसपास. आणि सेल ०.४ व्होल्टवर आहे याचा अर्थ ग्राफाइट, आणि त्याला चिकटलेला तांब्याचा वर्ख, ३.१ च्या पुढे गेलाय. शून्य व्होल्ट म्हणजे दोन्ही बाजू एकाच पातळीवर, ३.५ च्या जवळपास. म्हणजे आपण ज्याला ‘पूर्ण रिकामी’ म्हणतो, ती ऋण बाजूसाठी सगळ्यात जास्त ताणाची अवस्था असते. टाकीतलं पाणी संपलं की टाकीला काही होत नाही. इथे टाकीच झिजायला लागते.

ती दोन टप्प्यांत झिजते. ग्राफाइटवर एक अतिशय पातळ संरक्षक थर असतो. कारखान्यात सेल पहिल्यांदा चार्ज होतो तेव्हा द्रावण आणि लिथियम यांच्यापासून तो तयार होतो आणि पुढे आयुष्यभर ग्राफाइटला द्रावणापासून जपतो. ग्राफाइटची पातळी वर चढत गेली की हा थर मोडायला लागतो. मोडताना वायू सुटतात. मऊ पाकिटातले सेल त्यामुळे फुगतात. तुमच्या पॅकमध्ये लोखंडी नळकांड्याचे गोल सेल असतील तर फुगवटा दिसणारही नाही, कारण कवच त्याला दाबून धरतं. ‘फुगला नाही, म्हणजे चांगला आहे’ हा हिशेब गोल सेलना लावू नका. पुढे कधी सेल चार्ज केलाच तर हा थर पुन्हा बांधला जातो, पण त्यासाठी लागणारं लिथियम आणि द्रावण सेलमधूनच घेतलं जातं. म्हणून असा सेल पुन्हा भरला तरी पूर्वीइतकी साठवण देत नाही, त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून वीज वाहायला होणारा अडथळा, वाढतो आणि तो लवकर तापतो.

दुसरा टप्पा तांब्याचा. ऋण वर्खाची पातळी ३.४-३.५ च्या आसपास गेली की तांबं द्रावणात विरघळायला लागतं. मग तांबं वापरायचंच कशाला, असं भाचा नक्की विचारेल. कारण चार्ज झालेल्या ग्राफाइटच्या खालच्या पातळीवर ॲल्युमिनियम लिथियमशी मिश्रधातू बनवतं आणि भुगा होत जातं. तांबं तसं करत नाही. ग्राफाइट खालच्या पातळीवर आहे तोवर तांब्याइतका भरवशाचा वर्ख नाही. सेल अतिरिक्त रिकामा झाला तेव्हाच तो भरवसा तुटतो. सोडियम-आयन सेलमध्ये दोन्ही वर्ख ॲल्युमिनियमचे चालतात, कारण सोडियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू बनवत नाही. म्हणून ते सेल शून्य व्होल्टपर्यंत उतरवून पाठवता आणि साठवता येतात. लिथियम-आयनच्या या रचनेत ती मोकळीक नाही.

विरघळलेलं तांबं जागच्या जागी राहत नाही. द्रावणातून पडद्यात, पडद्यातून धन बाजूपर्यंत पसरतं. आणि तुम्ही चार्जर लावलात की ते पुन्हा धातू होऊन बसतं, पण आपल्या जुन्या जागी सपाट वर्ख होऊन नाही. ग्राफाइटवर, पडद्याच्या तोंडाशी, डाग आणि काटे होऊन बसतं. त्यातला एखादा काटा त्या पातळ पडद्यातून पलीकडे टेकला की सेलच्या पोटातच शॉर्ट झाला. तो बाहेरून दिसत नाही, फ्यूज त्याला अडवू शकत नाही, कारण वीज फ्यूजमधून जातच नाही. कधी तो इतका बारीक असतो की सेल फक्त हळूहळू उतरत राहतो. कधी उष्णता वाढते, साधारण १३० अंशांना पडदा वितळतो, दोन्ही बाजू भिडतात आणि मग सेल स्वतःच स्वतःला तापवत सुटतो. द्रावण ज्वलनशील असतं. एका सेलची आग शेजारच्याला लागते. तुमच्या पॅकमध्ये भरल्यावर ३६० वॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे हजार वॅटची इस्त्री वीस मिनिटं पूर्ण तापत राहील इतकी.

तुमचा गट शून्याला गेलाच नव्हता, ०.४ वर आहे, मग तांबं विरघळलं कशावरून? ताई, मीटर आजचं व्होल्टेज सांगतो, सात महिन्यांचं नाही. शिवाय गटावरचा किरकोळ भार सुटला की व्होल्टेज थोडं वर येतं, त्यामुळे भाच्याने मोजायच्या आधी तो किती खाली होता हे कुणालाच माहीत नाही. उंबरठ्यावर उभा असलेला गट आत जाऊन आलाय की नाही, हे बाहेरून तपासायची घरगुती युक्ती नाही. या कामात सावध माणसं एक ठोकताळा पाळतात: १.५ व्होल्टच्या खाली आठवडाभराहून जास्त राहिलेला सेल पुन्हा चार्ज करायचा नाही. तुमचा गट बहुधा कित्येक आठवडे तिथे होता.

आता त्या व्हिडिओतल्या युक्तीचा हिशेब करू. भाच्याने हा हिशेब माझ्याशिवायही केला असता, फक्त त्याला कुणी तो करायला सांगितलं नाही. तुमचा चार्जर ४२ व्होल्टचा असणार, दहा गट गुणिले ४.२. चार्जरला दहा गट दिसत नाहीत, त्याला फक्त दोन टोकं दिसतात आणि तो ४२ गाठेपर्यंत ढकलत राहतो. समजा आतल्या शॉर्टमुळे तो वाईट गट एक व्होल्टच्या वर चढलाच नाही. उरलेले ४१ व्होल्ट नऊ गटांत वाटले जातील. ४१ भागिले ९, म्हणजे प्रत्येकी साडेचारच्या वर. ४.२ च्या सेलमध्ये ४.५ भरणं हे अतिरिक्त रिकामं होण्यापेक्षाही वाईट. संरक्षण सर्किट जागेवर असतं तर पहिला गट ४.२५-४.३ ला पोहोचताच त्याने चार्ज तोडला असता. व्हिडिओतल्या माणसाने तेच सर्किट बाजूला काढलंय! चार्जर हिरवा दिवा दाखवून नकार देत होता तो बिघाड नव्हता, ताई. ते सर्किट आपलं काम करत होतं.

तारांनी ‘झटका’ देण्याचा भाग वेगळा. भरलेली बॅटरी ०.४ च्या गटाला सरळ जोडली तर मध्ये प्रवाहावर कुणाचाच ताबा नसतो. दहा-वीस अँपिअर सहज जाऊ शकतात. खालावलेल्या सेलला सहन होतो तो त्याच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी प्रवाह, तोही ३ व्होल्ट येईपर्यंत. त्या ‘काही मिनिटां’नंतर मीटरवर ३.२ दिसतील आणि सगळ्यांना आनंद होईल. पण व्होल्टेज परत येणं म्हणजे सेल बरा होणं नव्हे. मोडलेला थर आणि विस्कटलेलं तांबं ३.२ च्या आकड्यामागे तसंच असतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका ड्रिलचा पाच सेलचा पॅक असाच उठवला होता, झटका न देता, हळूहळू, प्रयोगशाळेच्या पॉवर सप्लायने. एक सेल एका व्होल्टच्या खाली होता. संध्याकाळी पाचही सेल ३.९ वर आले आणि मला वाटलं जमलं. सकाळी चार सेल ३.९ वरच होते, पाचवा ३.१ वर. हात लावला तर तो इतरांपेक्षा कोमट. रात्रभर तो आतल्या आत जळत होता आणि मी शेजारच्या खोलीत झोपलो होतो. त्या दिवसानंतर मी हा प्रयोग कुणासाठीही केलेला नाही, आणि तुमच्या भाच्यासारख्या मुलाने तो करू नये असं मला मनापासून वाटतं.

दुरुस्तीवाल्यांचा सल्ला, एक गट बदलायचा, वरवर शहाणपणाचा वाटतो. पण तो एक गट सगळ्यांत खाली का गेला? दोन शक्यता. एक तर तो आधीपासूनच कमजोर होता आणि आपोआप जास्त उतरत होता. किंवा संरक्षण सर्किट आपल्यापुरती वीज त्याच गटातून घेत होतं. दुसरी शक्यता खरी असेल तर नवा गटही पुढच्या वेळी तसाच रिकामा होईल. पहिली खरी असेल तर २.१ वर असलेले दोन गट रांगेत आहेतच. त्यांच्यात तांब्याचा प्रश्न बहुधा नाही, पण त्यांचा संरक्षक थर दुखावला असण्याची शक्यता मी धरून चालेन. शिवाय दीड वर्षाच्या नऊ गटांत एक कोरा गट बसवला की क्षमता जुळत नाहीत. पॅक नेहमी सगळ्यांत कमजोर गटापाशी थांबतो, तेव्हा नव्या गटाचा फायदा तुम्हाला मिळतच नाही. प्रत्येक सेलची क्षमता आणि रोध मोजून, स्पॉट वेल्डिंगने, जुळणारे सेल घालून पॅक नव्याने बांधून देणारे कारागीर असतात. ते तसं करत असतील तर बोलणं वेगळं. ‘तेवढा एक बदलून देतो’ म्हणणाऱ्याकडे पॅक देऊ नका.

सायकल बनवणाऱ्यांकडूनच नवा पॅक घ्या. जुना पॅक घरच्या कचऱ्यात जाऊ देऊ नका, भोकं पाडू नका, ई-कचरा किंवा बॅटरी घेणाऱ्या केंद्रात द्या आणि देताना ‘यातला एक गट अतिरिक्त डिस्चार्ज झालाय’ हे तोंडाने सांगा. ते हाताळणाऱ्या माणसालाही घरदार आहे.

सगळे उतरलेले पॅक असे टाकायचे नसतात, हेही सांगायला हवं, नाहीतर माझ्या उत्तराने घरोघरी घबराट व्हायची. फोन शून्य टक्क्यांवर बंद पडतो तेव्हा त्याच्या सेलमध्ये अजून ३ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतात. तो शून्य टक्के फोनचा, सेलचा नव्हे. कपाटात चार महिने पडलेला लॅपटॉप चार्जर लावल्यावर अर्धा तास मुका राहिला तरी घाबरू नका. त्याचं सर्किट आधी अगदी थोड्या प्रवाहाने सेल ३ व्होल्टपर्यंत आणतं, मग नेहमीचा वेग पकडतं. तुमचे दहाही गट २.७ वर असते तर मी म्हटलं असतं, मूळ चार्जर लावा, समोर बसून राहा, सर्किटने स्वीकारलं तर उत्तम. फरक दोन गोष्टींचा आहे: किती खाली गेला, आणि तिथे किती दिवस राहिला. आणि सर्किट नाही म्हणत असेल तर त्याला वळसा घालायचा नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

हे घडलं कसं, याचाही हिशेब पाहा. सात महिने म्हणजे साधारण पाच हजार तास. सायकलचा डिस्प्ले आणि आतलं सर्किट मिळून फक्त दोन मिलिअँपिअर पीत असतील, तरी पाच हजार तासांत १० अँपिअर-तास होतात. म्हणजे तुमचा अख्खा पॅक, सायकल एक फूटभरही न हलता. वाटेत कधीतरी एखादा गट खालच्या मर्यादेला पोहोचला, सर्किटने सायकलची वीज तोडली, आणि म्हणून तुमचे सात गट २.७-२.८ वर थांबलेले दिसतात. त्यानंतर पिणारं एकच उरलं, ते सर्किट स्वतः. यात तुमची चूक नाही. मोडलेल्या पायाने कोण बॅटरी पाहायला जातं? सायकलसोबत येणाऱ्या पुस्तिकेत ही गोष्ट पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत असायला हवी, शेवटच्या पानावर नव्हे.

नवा पॅक आला की सायकल महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तेव्हा पॅक सायकलमधून काढून ठेवा. पूर्ण भरलेला नको, रिकामा तर मुळीच नको. निम्मा भरलेला, म्हणजे टोकांवर ३७ ते ३८ व्होल्ट. ऊन लागणार नाही अशा थंड, कोरड्या जागी ठेवा, आणि चार्जरला लावून ठेवायची पळवाट शोधू नका. रात्री सगळे झोपल्यावर चार्जिंग नको. शून्य अंशाखालच्या थंडीत पॅक गारठला असेल तर खोलीत आणून तासा-दोन तासांनीच चार्जर लावा, कारण गारठलेल्या ग्राफाइटवर लिथियम आत शिरण्याऐवजी बाहेरच धातू होऊन साचतं. दर दोन महिन्यांनी टोकांवर मीटर लावायचा आणि ३५ च्या खाली दिसलं तर पुन्हा निम्मा भरायचा. हे काम भाच्याकडे द्या. झाकण उघडायची गरज नाही, तारीख आणि व्होल्टेज एका वहीत लिहिलं की पुरे. दोन मोजण्यांमध्ये पॅक दोन-तीन व्होल्टने उतरलेला दिसला तर तो पॅक हमीची मुदत संपायच्या आत परत न्या, वही सोबत घेऊन.